‘भारी झालं!’ म्हणजे नक्की काय झालं?

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा, मला नको!

एफईला असताना सीनियर्सनी मला पुरुषोत्तम करंडकला नेलं. कारण काय, तर ओरडायला माणसं कमी पडत होती. ही एकांकिका स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक 1963 पासून पुण्यात घेते. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ करून माझा घसा बसला. नाटक काय होतं म्हणाल तर आज एक प्रसंग धड आठवत नाही. आपल्यातल्याच कुणी लिहिलेली एकांकिका आपण बहुतेक जण अशीच बघतो. आपलं कॉलेज म्हणून टाळ्या, बाहेर आल्यावर ‘भारी झालं यार’, की चला मेस बंद व्हायच्या आत.

यात वाईट काय? सांगते.

माझ्या रूममेटने गेल्या वर्षी एकांकिका लिहिली. गावाकडचे वडील एसटीने पोरीच्या हॉस्टेलवर येतात. पोरीला दोन विषयांत केटी लागलीय आणि तिने घरी सांगितलेलं नाही. एवढीच गोष्ट. मधे एक जागा होती. वडील पिशवीतून स्टीलचा डबा काढतात, उघडतात, आणि आत दोन चमचे असतात. एकत्र जेवायचं असं ठरवूनच ते निघालेले. पोरगी म्हणते, ‘मी जेवलेय.’ ते एक चमचा रुमालात गुंडाळून परत पिशवीत ठेवतात. संवाद शून्य. माझ्या शेजारची मुलगी मोबाईल बघत होती, तिने तो खाली ठेवला.

शेवटी पोरीचं एक भाषण होतं, शिक्षणपद्धती, मार्क, रॅट रेस वगैरे. त्याला कडकडून टाळ्या पडल्या. प्राथमिक फेरीतून आम्ही अंतिमला गेलो. रात्री कॉरिडॉरमध्ये जो तो तिला म्हणाला, ‘काय स्पीच लिहिलंयस!’ मीही म्हणाले, ‘मस्त झालं गं.’ आणि दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनसाठी जर्नल पूर्ण करायला बसले.

पंधरा दिवसांनी अंतिम फेरी. लोकांना आवडलं म्हणून तिने भाषण दुप्पट केलं होतं. वेळेत बसवायला काहीतरी कापायला हवं होतं. डबा कापला.

बक्षीस मिळालं नाही, ते जाऊ दे. पण आठवड्याने मी सहज त्या चमच्यांबद्दल बोलले, तर ती म्हणाली, ‘हे तेव्हा का नाही बोललीस?’

तेव्हापासून मी एकांकिका जरा वेगळ्या तऱ्हेने बघते. एकांकिका म्हणजे तीन अंकी नाटकाचं पॉकेट एडिशन नव्हे. पाऊण-एक तासात एकच गाठ बसते नि सुटते, किंवा सुटतच नाही. म्हणून सुरुवातीला बघायचं, या माणसाला हवंय काय? मग त्याच्या हातातल्या वस्तूंवर लक्ष ठेवायचं. ब्लॅकआऊट मोजायचे. प्रत्येक अंधारात प्रेक्षक थोडा सुटतो, आणि पुष्कळदा लेखकाला पुढची वाट सापडली नाही की दिवे जातात (प्रकाशयोजनावाल्यांनी रागावू नये!). आणि कोण कधी गप्प बसलं, हे मुख्य.

गप्प बसणं ऐकायला मी दिवाकरांकडून शिकले. शाळेत आम्हाला ब्राउनिंग होता. लायब्ररीत दिवाकरांच्या नाट्यछटा हाताला लागल्या तेव्हा कळलं की त्यांना हा प्रकार ब्राउनिंगच्या तशा कवितांवरूनच सुचला, 1911 साली. एकच पात्र बोलतं, समोरचा काय म्हणाला असेल ते आपण ओळखायचं. पान-दोन पानांची असते, ओरलच्या रांगेत उभ्या उभ्या वाचून होते.

आता लेखकाला सांगायचं काय? ‘शेवट असा कर’ हे सांगू नका, ते तुमचं नाटक झालं. तुम्हाला काय दिसलं ते सांगा. ‘वडिलांनी चमचा ठेवला तेव्हा मला वाटलं त्यांना सगळं कळलंय.’ बस्स. तसं वाटावं असं तिच्या मनात होतं की नव्हतं, ते ती बघेल. कुठे कंटाळा आला तेही सांगा, पण विंगेत, मेकअप उतरायच्या आत नको. आणि फक्त नटांना भेटून निघून जाऊ नका. लेखक बहुतेक मागे लेव्हल्स उचलत असतो.

2022 साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. मी तेव्हा ज्युनियर कॉलेजात होते, पण आमचे सीनियर त्यावर अजून भांडतात. करंडक द्यायला हवा होता की नको यावर ते तासभर बोलतील. त्या वर्षीच्या एकांकिकांत काय घडत होतं ते विचारा, दोन मिनिटांत संपतं.

रूममेट सध्या नवीन लिहितेय. शुक्रवारी मेसनंतर आमच्या रूमवर पहिलं वाचन आहे. मॅडम, तुम्हीही या. खुर्च्या दोनच आहेत, बाकीच्यांनी गादीवर बसायचं, आणि चहाचा मग आपापला आणायचा.