संवाद सिनेमाचा, काम आपलं

अमेरिकन माणसाला 'हे जमायचं नाही' असं तोंडावर सांगायचं नसेल, तर तो पुष्कळदा सिनेमा पुढे करतो. मी पुण्यात बसून तिकडच्या एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम पाहते. रोज संध्याकाळी कॉल असतो. मध्यंतरी एका कॉलवर पुढल्या तिमाहीत किती क्लेम येणार, तो आकडा स्क्रीनवर आला आणि सगळे गप्प झाले. मग ओहायोतली आमची मॅनेजर शांतपणे म्हणाली, "वुई आर गॉना नीड अ बिगर बोट." तिकडची मंडळी खो-खो हसली आणि तिच्या साहेबांनी माणसं वाढवून द्यायचा विषय आपणहून काढला. आमच्याकडचा नवा मुलगा मात्र मला चॅटवर विचारत होता, "मॅडम, बोट कुठून आली?"

बोट 'जॉज'मधली. स्टीव्हन स्पीलबर्गचा १९७५ चा सिनेमा. पोलीसप्रमुख ब्रॉडी तोंडात सिगारेट धरून, कुरकुरत, शार्कसाठी पाण्यात आमिष फेकत असतो. अचानक तो अजस्र जबडा त्याच्या पुढ्यातच वर येतो. ब्रॉडी किंचाळत नाही. मागच्या मागे केबिनपर्यंत सरकतो आणि कप्तानाला एवढंच म्हणतो, की तुम्हाला मोठी बोट लागणार. हे वाक्य मूळ पटकथेत नव्हतं. शूटिंगचं सामान वाहायला दिलेली बोट फारच लहान होती आणि काही बिनसलं की युनिटमधले लोक एकमेकांना हेच ऐकवायचे. रॉय शायडरने ते कॅमेऱ्यासमोर टाकून दिलं. म्हणजे निर्मात्यांच्या चिकटपणावरचा टोमणा पडद्यावर गेला आणि तिथून जगभरच्या ऑफिसांत येऊन आज पुन्हा तेच काम करतोय. पुरेशी साधनं दिलेली नाहीत, हे वरच्यांना न दुखावता सांगण्याचं.

यात आपल्याला नवीन काही नाही. उसने पैसे मागणाऱ्या मित्राला 'सत्तर रुपये वारले' असं सांगून 'अशी ही बनवाबनवी'च्या जोरावर महिनाभराची मुदत मिळवलेले लोक आपल्याही घराघरांत आहेत. नकार तोच, पण तो अशोक सराफांच्या तोंडून आला की भांडण होत नाही.

आता हजारो संवादांतले मोजकेच का टिकतात? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सुमारे एक हजार सिनेमांतल्या संभाषणांवर याचा अभ्यास केला. एकाच पात्राची, साधारण सारख्याच लांबीची दोन वाक्यं घ्यायची, एक गाजलेलं आणि एक न गाजलेलं, आणि त्यांत फरक काय ते बघायचं. निघालं ते असं: गाजलेल्या वाक्यांतले शब्द थोडे अनपेक्षित असतात, पण बांधणी अगदी रोजच्या बोलण्यातली. शिवाय ती प्रसंगाला चिकटून नसतात. त्यांत 'तो', 'ती', 'ते' कमी, भूतकाळही कमी. अशी वाक्यं उचलून कुठेही बसवता येतात.

आणि जी बसत नाहीत, ती लोक बसवून घेतात. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर स्फोट झाला, तेव्हा अंतराळवीर जॅक स्वायगर्ट 'वुई हॅव हॅड अ प्रॉब्लेम हिअर' असं म्हणाले होते. घडून गेल्याची वर्दी. १९९५ च्या सिनेमात टॉम हँक्सच्या तोंडी ते 'ह्यूस्टन, वुई हॅव अ प्रॉब्लेम' झालं. संकट आत्ता, या क्षणी आहे! प्रिंटर अडकला तरी तिकडे आज हेच म्हणतात. 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये डार्थ व्हेडर 'नो, आय ॲम युअर फादर' असं म्हणतो. लोक मात्र 'ल्यूक, आय ॲम युअर फादर' म्हणतात. पडद्यावर ल्यूक समोर लटकलेला असतो, तिथे नाव घ्यायची गरज नसते. चहाच्या टेबलावर नाव घेतल्याशिवाय कुणाला संदर्भ लागणार?

कधी शब्द तेच राहतात आणि सूर पालटतो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००५ मध्ये शंभर संवादांची यादी केली, तिच्यात दुसरा क्रमांक आहे 'गॉडफादर'चा. 'नाकारता येणार नाही असा प्रस्ताव मी त्याच्यापुढे ठेवीन,' असं मार्लन ब्रँडो म्हणतो, आणि पुढे त्या चित्रपट-निर्मात्याला जाग येते ती अंथरुणात घोड्याचं मुंडकं बघून. आज हीच 'ऑफर' तिकडे नोकरी देणारे हसतमुखाने देतात आणि घेणारे पेढे वाटतात.

धमकी धमकीच ठेवून वापरणारेही असतात. मार्च १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी करवाढ करू पाहणाऱ्या काँग्रेसला जाहीर भाषणात बजावलं, की माझा नकाराधिकार तयार आहे, 'गो अहेड, मेक माय डे'. हे 'सडन इम्पॅक्ट'मधलं, दरोडेखोरावर पिस्तूल रोखलेल्या क्लिंट ईस्टवुडचं वाक्य. स्वतःच्या शब्दांत हेच म्हटलं असतं तर मग्रुरी दिसली असती. इथे सभागृह हसलं आणि निरोपही पोचला.

आमच्या टीममधल्या मुलांना मी एवढंच सांगते, की संवाद लहान ठेवा, नक्कल करू नका आणि कुणाला कळला नाही तर समजावत बसू नका, काम पुढे न्या. ऐकणाऱ्याचं वयही बघा. 'कासाब्लांका' आजोबांना पोचेल, नातवाला पोचेलच असं नाही. मुख्य म्हणजे बोलणारा कुठे उभा आहे, ते बघा. 'यू कान्ट हँडल द ट्रुथ' हे 'अ फ्यू गुड मेन'मधलं जॅक निकोल्सनचं गर्जणं बरोबरीच्या मित्राने ऐकवलं तर गंमत. साहेबाने हाताखालच्याला ऐकवलं तर पाणउतारा. रेगन यांच्यासमोरही तोलामोलाची काँग्रेस होती, त्यांचा शिपाई नव्हता. 'शो मी द मनी' हे 'जेरी मॅग्वायर'मधलं वाक्य खेळाडूने आपल्या एजंटला फोनवर ओरडून म्हणायला लावलेलं आहे. पैसा ज्याला हवाय, त्याचं ते वाक्य. पगारवाढीच्या बैठकीत ते कर्मचाऱ्याने हसत म्हणावं. तिजोरीची किल्ली ज्याच्या खिशात आहे, त्याने मात्र सरळ आकडाच सांगावा.