दोन घंटांचा पहारा

यंत्राचे सामर्थ्य आगीत असते, पण सुरक्षितता असते ती झडपेत. इंजिनातील झडप वर-खाली होवो, की सिलिंडरात नळीसारखी सरको. हवी तेव्हा वाट देणे व एरवी ती घट्ट मिटणे, हेच तिचे काम. भिलाईच्या झोतभट्टीत ते प्रचंड प्रमाणावर करावे लागते.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले. भट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी सतत घालावी लागते. आतून मात्र दाबाखालील वायू वर येत असतो. त्यात सुमारे चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड: जळण म्हणून मोलाचा, पण रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक. मग दार उघडावे कसे? त्या पिढीच्या भट्ट्यांनी दारेच दोन ठेवली. माथ्यावर एकाखाली एक अशा दोन पोलादी घंटा असतात. माल प्रथम वरच्या लहान घंटेवर पडतो. ती उतरली की तो खालच्या मोठ्या घंटेवर येतो. लहान घंटा पुन्हा मिटते, आणि मगच मोठी उघडते. दोन्ही एकाच वेळी कधीही उघडत नाहीत.

२०१८ साली सुरू झालेल्या ४,०६० घनमीटरांच्या आठव्या भट्टीत घंटा नाहीत. त्यांचे काम हवाबंद कोठ्यांच्या झडपा करतात. तत्त्व तेच राहिले.

ते ढळले तर काय होते, हे भिलाईने १२ जून २०१४ रोजी पाहिले. तेथे वायूला अडवीत होता तो पाण्याचा दाब. तो उतरताच वायू पंपघरात शिरला आणि सहा जणांचे प्राण गेले. मिटलेले दार मिटलेलेच राहील ही खात्री पोलादाच्या किमतीत धरावीच लागते.