अस्मानी किती, सुलतानी किती?

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईने आपल्या नावावर करून घेतला आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठीचा पूर, जागच्या जागी थांबलेल्या लोकल आणि रात्रभर चालत घर गाठणारे चाकरमानी हीच त्या मंगळवारची सर्वमान्य आठवण. त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनीच्या काठावर काय घडले, हे मात्र बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणच्या रहिवाशांनाच ठाऊक आहे. उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये आजही पावसाचा जोर वाढला आणि खेमाणी नाल्याची पातळी चढू लागली की दुकानदार आधी खालच्या फळीवरचा माल उचलतात आणि मग जुन्या वादाला तोंड फुटते. धरणाचे पाणी सोडले होते का? नाला साफ झाला होता का? ‘वर’ कोणाला आधी कळले होते का?

या वादाला मराठीत फार जुने शब्द आहेत: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळते ते अस्मानी, राज्यकर्त्यांमुळे ओढवते ते सुलतानी. गंमत अशी, की प्रत्येक आपत्तीनंतर प्रशासन सगळे खापर अस्मानीवर फोडते आणि लोक सगळे सुलतानीवर. या दोहोंत नेमका कोणाचा वाटा किती, याचा हिशेब मात्र कुठेच मांडला जात नाही.

आधी धरणाचा प्रश्न घेऊ, कारण या पट्ट्यातला तो सर्वांत लाडका आरोप आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण बदलापूरजवळ असल्याने ‘बारवीचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला’ हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येते. पण नकाशा पाहिला तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात, घाटमाथ्यावर उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापूरला येते. बारवी नदी तिला मिळते ती बदलापूर ओलांडल्यानंतर, जांभूळच्या बाजूला. म्हणजे बदलापूर शहरात शिरणारे पाणी मुख्यतः कर्जतच्या डोंगरउतारावरचे असते. बारवीच्या विसर्गाची झळ बसायची ती संगमाच्या खालच्या गावांना. त्याखाली काळू नदी भातसाचे पाणी घेऊन उल्हासला मिळते आणि कल्याणपाशी खाडी सुरू होते. खाडीला भरती असेल तर हे सारे पाणी पुढे सरकायला नकार देते. वालधुनीची कथा आणखी वेगळी. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून शिवमंदिराशेजारून येणारी, उल्हासनगरच्या मधून जाणारी ही नदी लहान आहे. तिच्या पुराला धरण लागत नाही. पात्रात पडलेला राडारोडा आणि काठावरची बांधकामे पुरेशी होतात.

धरणाचा आरोप असा निम्माच खरा ठरतो, तरी त्यामागची तक्रार खोटी नाही. लोकांना खरे म्हणायचे असते ते हे, की पाणी येत आहे असे आम्हाला कोणी सांगितले नाही. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस बदलापूरला पोहोचायला काही तास लागतात. हे तास हीच या खोऱ्यातल्या माणसांची पुंजी आहे, आणि २००५ मध्ये ती वाया गेली. मुंबईत त्या वेळी डॉप्लर रडार नव्हते. ढगांचा तो प्रचंड डोलारा कोठे, किती वेगाने वाढतो आहे हे पाहण्याचे साधनच हवामान खात्याच्या हाती नव्हते. ते पुढे काही वर्षांनी कुलाब्याला बसले आणि दुसरे २०२२ मध्ये वेरावलीला. विश्वासार्ह सूचना नसली की तिची जागा अफवा घेते. २८ जुलैच्या रात्री जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येत असल्याची आवई उठली आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक माणसे मेली. पाणी आलेच नव्हते.

राज्यात त्या पावसाने हजाराहून अधिक बळी घेतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, तिचा अहवाल मार्च २००६ मध्ये आला. मिठीसाठी तर ऑगस्ट २००५ मध्येच स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते. साहजिकच समितीचा भर मुंबईवर आणि मिठीवर होता. त्यातून एक गोष्ट मात्र ठळकपणे पुढे आली: मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या अपुऱ्या आहेत, हे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्येच सांगून ठेवले होते. बारा वर्षे तो अहवाल बहुतांशी कागदावरच राहिला.

महिनाभराने, २९ ऑगस्ट २००५ रोजी, अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरावर कतरिना चक्रीवादळ आले. मुंबईच्या पुराने भांबावलेल्या आपल्याकडच्या अनेकांना तेव्हा एक प्रकारचा दिलासा वाटला होता. जगातील सर्वांत श्रीमंत देशाचीही अशीच फजिती होते तर! पण त्या फजितीपेक्षा तिची नंतर झालेली चिकित्सा आपल्या अधिक कामाची आहे.

न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे आणि तो बंधाऱ्यांच्या भरवशावर जगतो. वादळाच्या एकच वर्ष आधी, जुलै २००४ मध्ये, तेथील अधिकाऱ्यांनी ‘पाम’ नावाचे काल्पनिक वादळ रचून पाच दिवसांची रंगीत तालीम केली होती. शहर पाण्याखाली जाईल, दहा लाखांवर लोकांना बाहेर काढावे लागेल, वाहने नसलेले गरीब मागे राहतील, हे सारे त्या तालमीत मांडले गेले. पुढच्या वर्षी खऱ्या वादळाने जवळजवळ तीच संहिता वापरली. महापौर रे नेगिन यांनी शहर रिकामे करण्याचा सक्तीचा आदेश दिला तो वादळ किनाऱ्याला लागण्याच्या आदल्या दिवशी. बंधारे पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग बुडाला. मृतांचा आकडा प्रथम १,८०० च्या वर सांगितला जाई. पुढे फेरतपासणीत तो सुमारे १,४०० वर आला.

मग दोषारोपांची फैर झडली. महापौरांनी आणि गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी केंद्राकडे बोट दाखवले, केंद्राने राज्याकडे. संघीय आपत्ती संस्थेचे प्रमुख मायकेल ब्राऊन यांना दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला. एक बळी मिळाल्यावर प्रकरण मिटेल असे वाटत होते. तसे झाले नाही, कारण अभियंत्यांच्या स्वतंत्र पथकांनी बंधाऱ्यांची तपासणी केली, काँग्रेसच्या समितीने शेकडो पानांचा अहवाल दिला, आणि जून २००६ मध्ये बंधारे बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलानेच आपल्या रचनेत दोष असल्याची कबुली दिली. काही कालव्यांच्या भिंती तर पाणी त्यांच्या माथ्यावर पोहोचण्याआधीच सरकल्या होत्या. म्हणजे शहर बुडवणाऱ्या पाण्यात निसर्गाचा वाटा होता, पण निकृष्ट रचनेचा वाटा मोजता येण्याजोगा होता, आणि तो मोजला गेला.

नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही. १९२८ च्या पूर नियंत्रण कायद्याने अमेरिकी सरकारला पुराच्या नुकसानीच्या दाव्यांतून मुक्त ठेवले आहे. २००८ मध्ये न्यायमूर्ती स्टॅनवुड डुव्हाल यांनी अभियंता दलावर कडक ताशेरे ओढले, तरी याच कलमामुळे बंधाऱ्यांबाबतचे दावे त्यांना फेटाळावे लागले. एका जलवाहतूक कालव्याबाबत २००९ मध्ये त्यांनी सरकारला जबाबदार धरले. तो निकालही २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयात टिकला नाही. खिशात काही पडले नाही, पण कारण दप्तरी नोंदले गेले. आपल्याकडे नेमके उलटे घडते. सानुग्रह मदत थोडीफार पदरात पडते, कारण मात्र कोठेच लिहिले जात नाही. तलाठी येतो, पंचनामा होतो. भिंत किती पडली, धान्य किती भिजले, गुरे किती वाहून गेली याची नोंद होते. पाणी का आले, हा रकाना पंचनाम्यात नसतो.

२००५ हे वर्ष संपता संपता आपल्या संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले, आराखडे बंधनकारक झाले. कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे ७३ वे कलमही आहे. असे संरक्षण लागतेच. नाही तर पुराच्या रात्री कोणी निर्णयच घेणार नाही. पण नाला वर्षानुवर्षे तुंबू देणे ही कोणत्या अर्थाने ‘सद्भावना’? त्या रात्रीची चूक आणि वीस वर्षांची हयगय एकाच चादरीखाली झाकली जाते, ती येथे.

२०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची वाट मोकळी केली. उल्हासनगर त्या व्याख्येत बसते, कारण तेथे महापालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत. नदी ज्या क्रमाने वाहते, त्या क्रमाने पाहिले तर पूर आधी पोहोचतो ती शहरे या तरतुदीबाहेर राहतात. पाणी मात्र हद्द विचारत नाही. नदीपात्र जलसंपदा विभागाचे, बारवी औद्योगिक महामंडळाची, रूळ रेल्वेचे, नाले त्या त्या पालिकेचे. प्रत्येकाचा नियंत्रण कक्ष वेगळा.

२७ जुलै २०१९ च्या पहाटे याची प्रचीती आली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी कित्येक तास डब्यांत बसून होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे ग्रामस्थ यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. ती कामगिरी खरोखरच कौतुकाची होती, आणि कौतुक झालेही. त्या कौतुकाच्या गजरात एक प्रश्न मात्र दबून गेला: उल्हासला वरच्या अंगाने पाणी चढत असताना गाडी बदलापूरच्या पुढे गेलीच कशी? चौदा वर्षांपूर्वी जवळपास याच तारखेला हेच खोरे बुडाले होते.

सूचना मिळण्याने प्रश्न सुटतो असेही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा हवामान खात्याने काही दिवस आधी दिला होता. तरीही बॉम्बे हाय तेलक्षेत्रातील ‘पी-३०५’ हा तराफा कामगारांसह समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावरील आणि ‘वरप्रदा’ या टगवरील मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पुढे वाद रंगला तो तराफा हलवायचा निर्णय कप्तानाचा, कंत्राटदाराचा की तेल कंपनीचा यावर. कप्तान स्वतः बुडाला होता; गुन्ह्यात त्याचेच नाव आले.

त्याच पंधरवड्यात उल्हासनगरने दोन इमारतींचे स्लॅब कोसळताना पाहिले. १५ मे रोजी कॅम्प १ मधील मोहिनी पॅलेस. २८ मे रोजी रात्री कॅम्प २ मधील नेहरू चौकाजवळची साईशक्ती. दुसऱ्या घटनेत सात जण दगावले. या दुर्घटनांचा वादळाशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण जबाबदारीचे कोडे तेच आहे. नव्वदच्या दशकात निकृष्ट मालाने घाईघाईत उभ्या राहिलेल्या इमारती. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश. त्यावर २००६ मध्ये राज्य सरकारने आणलेला नियमित करण्याचा कायदा. आणि त्याचा प्रत्यक्ष लाभ घेणाऱ्या फारच थोड्या इमारती. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसवलेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे अवघ्या तेरा-चौदा चौरस किलोमीटरांत राहतात. इमारत रिकामी करा म्हणणारी नोटीस येते. जायचे कोठे, हे नोटिशीत नसते. रहिवाशाने सही करून नोटीस घेतली, की कागदोपत्री जबाबदारी त्याच्याकडे सरकते. पुराचेही तसेच. नदीकाठच्या वस्तीत ‘सुरक्षित स्थळी जावे’ असा भोंगा फिरला, की प्रशासनाचे कर्तव्य संपते.

पूररेषा हा या साऱ्यावर सर्वांत सोपा, म्हणूनच सर्वांत अप्रिय उपाय. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये निर्बंध. बदलापूरमध्ये या रेषा जाहीर झाल्या तेव्हा ज्यांची घरे आत आली ते संतापले, आणि त्यांचा संताप अगदीच गैर नव्हता: घर घेताना परवानगीचा शिक्का त्याच पालिकेचा होता. रेषा चुकीची आखली आहे, फेरसर्वेक्षण करा, ही मागणी लगेच पुढे आली. शिक्का कोणी व कशाच्या आधारे मारला, हे विचारण्यात मात्र कोणाला फारसा रस दिसला नाही. त्या शिक्क्यावर तारीख असते, सही असते आणि पदनामही असते. परवानगीच्या त्या फायली पालिकेच्या कपाटांत आहेत, आणि माहितीचा अधिकार २००५ पासूनच आपल्या हाती आहे.