परक्या वेषातला कोरियन

‘मॅश’ ही अमेरिकी मालिका 1972 ते 1983 अशी अकरा वर्षं चालली. ज्या कोरियन युद्धावर ती बेतली होती, ते युद्ध मात्र तीन वर्षांत थांबलं होतं. मालिकेतला कोरिया कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या डोंगरांत उभा केला होता आणि त्यातले कोरियन गावकरी, सैनिक, निर्वासित बऱ्याचदा जपानी नाहीतर चिनी वंशाचे अमेरिकन नट रंगवत. त्या गर्दीत एक नट खरोखरचा कोरियन होता. युद्ध पेटलं तेव्हा तो अठराच्या उंबरठ्यावर होता आणि त्याच देशात होता. सुन-तेक ओह हे त्याचं नाव. या मालिकेच्या पाच भागांत ओह यांनी पाच निरनिराळी माणसं केली. कधी अमेरिकेत शिकून आलेला उत्तर कोरियाचा सर्जन, तर कधी वाट चुकलेल्या दोन अमेरिकी डॉक्टरांनी आपल्याला कैद करावं म्हणून त्यांची पाठ न सोडणारा सैनिक. चेहरा तोच आहे हे प्रेक्षकांच्या ध्यानात येणार नाही, असं निर्मात्यांनी धरूनच ठेवलं असावं.

4 एप्रिल 2018 रोजी लॉस एंजेलिसमध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी ते गेले. डिस्नेच्या ‘मुलान’मधल्या वडिलांचा आवाज आणि बाँडपटातला लेफ्टनंट हिप, एवढीच त्यांची ओळख आज बहुतेकांना आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच, पण त्यांच्या कामाची उंची या दोहोंत सापडत नाही.

कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला मोकपो नावाचं बंदर आहे. 1932 मध्ये ओह तिथे जन्मले तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. ते शाळेत जायच्या वयाचे झाले त्या सुमारास शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली होती. 1940 पासून लोकांवर जपानी आडनावं घेण्याची सक्ती झाली. 1945 मध्ये जपानी गेले, देशाची फाळणी झाली आणि पाच वर्षांत भाऊबंदांचं युद्ध सुरू झालं. सोलच्या योन्से विद्यापीठातून पदवी घेऊन 1959 मध्ये ओह कॅलिफोर्नियाला पोचले. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार कोरियाच्या वाट्याला कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला जेमतेम शंभर येत, त्यामुळे कोरियन तरुणाला अमेरिका गाठायची तर विद्यार्थी म्हणून जाणं हीच त्यातल्या त्यात सरळ वाट होती. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी अभिनय आणि नाट्यलेखन या दोन्हींचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. हे लेखन पुढे त्यांना फार उपयोगी पडलं.

हॉलिवूडमध्ये त्यांच्या आधीचा नाव घेण्याजोगा कोरियन म्हणजे फिलिप आन. कोरियन स्वातंत्र्यलढ्याचे नेते आन चांग-हो यांचा हा मुलगा. वडिलांना जपान्यांनी तुरुंगात टाकलं होतं आणि मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पडद्यावर क्रूर जपानी अधिकारी साकारत होता. आशियाई नटाचं जग त्या काळी एवढंच होतं. खलनायक, नोकर, स्वयंपाकी, फार तर शहाणपणाची वचनं पुटपुटणारा म्हातारा. नायकाची भूमिका आशियाई असली तरी ती गोऱ्या नटाकडे जाई. 1972 मध्ये आलेल्या ‘कुंग फू’ मालिकेतला शाओलिन भिक्षूसुद्धा डेव्हिड कॅराडाइन झाला.

या अन्यायाविरुद्ध ओरडा करणारे पुष्कळ होते. पण 1965 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या नऊ जणांनी आपलं स्वतंत्र नाटकघरच काढलं. माको, जेम्स हाँग, ब्यूला क्वो अशी मंडळी त्यात होती आणि ओहसुद्धा. ‘ईस्ट वेस्ट प्लेअर्स’ हे या मंडळीचं नाव. पहिलं नाटक ‘राशोमोन’. पुढे कित्येक वर्षं प्रयोग एका चर्चच्या तळघरात चालत. वंशानुसार देशांचे कोटे ठरवणारा अमेरिकेतला जुना कायदा मोडीत निघाला तोही 1965 मध्येच. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत आशियाई माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत येणार होती. त्यांचं म्हणावं असं रंगपीठ ती येण्याआधीच उभं राहिलं होतं, याचं मला विशेष वाटतं.

या मंडळीसाठी ओह यांनी लिहिलंही. 1970 मध्ये त्यांचं ‘तोंदेमोनाइ’ हे नाटक आलं. त्याचा विषय होता महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं तो काळ, आणि त्यात भर म्हणजे समलिंगी नातं. त्या समाजात तेव्हा या दोन्ही गोष्टींबद्दल मिठाची गुळणी धरलेली असे. जपानी अमलाखाली बालपण काढलेल्या कोरियन माणसाने जपानी लोकांवरच्या अन्यायाचं नाटक लिहावं, हे मला त्यांच्या साऱ्या भूमिकांहून धाडसाचं वाटतं.

पोट मात्र पडद्यावरच भरत होतं. ‘हवाई फाइव्ह-ओ’, ‘मॅग्नम’ अशा मालिकांत दर वेळी वेगळं नाव, वेगळा देश. त्यांचं स्वतःचं नावही श्रेयनामावलीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. 1974 च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मध्ये ते बाँडच्या मदतीला येणारे हिप झाले. हिप आणि त्याच्या दोन कराटेपटू भाच्या बाँडसाठी आख्ख्या कराटेशाळेशी दोन हात करतात, गाडीत बसतात आणि बाँडला मागे रस्त्यावरच सोडून निघून जातात. का, ते कुणीच सांगत नाही. पटकथेचा हा ढिसाळपणा ओह यांनी इतक्या गंभीर चेहऱ्याने निभावला आहे की हसूच येतं.

मग 1976 साल उजाडलं. स्टीफन सोंडहाइम यांचं संगीत, हॅरल्ड प्रिन्स यांचं दिग्दर्शन, नाटक ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’. 1853 मध्ये अमेरिकी आरमार जपानच्या किनाऱ्यावर येऊन धडकतं, ती गोष्ट जपानच्या बाजूने आणि काबुकीच्या धाटणीने सांगितलेली. ब्रॉडवेच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये नटसंच आशियाई वंशाचा, सूत्रधार माको आणि काबुकीच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीभूमिका पुरुषांकडे. बालगंधर्वांच्या मुलखाला याचं नवल नाही, ब्रॉडवेला होतं. ओह यांच्याकडे कथेकरी, तलवारबाज, सामुराई अशा अनेक भूमिका होत्या, आणि त्यांबरोबर तामाते.

तामाते ही कायामा नावाच्या साध्या सामुराईची बायको. परकी जहाजं परतवून लावायचा हुकूम नवऱ्याला झालाय, ते जमलं नाही तर मरण ठरलेलं, हे तिला कळून चुकतं. पण ती गात नाही, बोलत नाही. बाजूला बसलेले दोघे निरीक्षक गातात. तिच्या मनातलं त्यांच्या तोंडून येतं, आणि ती फक्त हलते. बसते, उठते, नवऱ्याला निरोप देते. नवरा नशिबाने काम फत्ते करून घरी येतो, तोवर तिने आयुष्य संपवलेलं असतं. ओह तेव्हा चव्वेचाळिशीला आले होते. या प्रवेशात त्यांच्या वाट्याला एक शब्दही नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चार-पाच मिनिटं हीच. नाटकाला दहा टोनी नामांकनं मिळाली, नेपथ्य आणि वेशभूषा यांची पारितोषिकंही मिळाली, पण 193 प्रयोगांनंतर पडदा पडला.

दुसरी मोठी भूमिका 1981 ची. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’ कादंबरीत ली नावाचा चिनी नोकर आहे. जन्म कॅलिफोर्नियातला, वाचन अफाट, पण बोलतो मोडकंतोडकं इंग्रजी. का, तर लोकांना त्याच्याकडून तेच ऐकायचं असतं. नीट बोललं तर त्यांना समजतच नाही. एलिया कझान यांनी 1955 च्या चित्रपटात लीला साफ कापून टाकलं होतं. दूरचित्रवाणीवर कादंबरी तीन भागांत आली तेव्हा ली परत आला आणि तो ओह यांना मिळाला. सांगतील तसं बोलण्यात वीस वर्षं घालवलेल्या नटाला हे पात्र वेगळं समजावून सांगायची गरज पडली नसणार.

ऐंशीच्या दशकातलं बाकीचं काम मी भरभर पुढे ढकलतो. चक नॉरिसच्या ‘मिसिंग इन अ‍ॅक्शन 2’मध्ये ते अमेरिकी कैद्यांना छळणारे व्हिएतनामी कर्नल होते. भूमिका कागदावर जशी, तशीच पडद्यावर. त्यात शोधण्यासारखं फार नाही.

1992 च्या एप्रिलअखेर लॉस एंजेलिस पेटलं. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटले, आणि उसळलेल्या दंगलीत कोरियन लोकांच्या दोन हजारांहून अधिक दुकानांची लूट किंवा राखरांगोळी झाली. तिथल्या कोरियन समाजाला तेव्हा उमगलं की आपली बाजू मांडणारं आपल्यात कुणी नाही. 1995 मध्ये ओह यांनी ‘सोसायटी ऑफ हेरिटेज परफॉर्मर्स’ ही संस्था काढली. अमेरिकेत वाढलेली कोरियन मुलं तिच्यात नाटक शिकली, आणि 1999 मध्ये त्याच मुलांनी तिचं ‘लोडस्टोन थिएटर अन्सांबल’ केलं. नव्या मंडळीने आपली नवी नाटकं केली आणि दहा वर्षांनी संस्था बंदही केली. संस्थापकाच्या नावाने कुढत बसण्यापेक्षा हे बरं.

1998 मध्ये ‘मुलान’ आला. लंगडत पुन्हा लढाईला निघालेल्या बापाचा आवाज ओह यांचा आणि खडूस सरकारी सल्लागाराचा आवाज जेम्स हाँग यांचा. तेहेतीस वर्षांपूर्वी एकत्र नाटकघर काढणारे दोघे. त्यानंतर ओह सोलला परतून नाट्यशिक्षण संस्थांत अभिनय शिकवू लागले. अखेरच्या काळात त्यांना अल्झायमर झाला होता.

त्यांचं काम पाहायचंच असेल तर बाँडपट नंतर पाहा. ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’चा ब्रॉडवेवरचा प्रयोग 1976 मध्ये चित्रित झाला होता आणि त्यात तामाते आहे. तो चित्रित केला गेला जपानी दूरचित्रवाणीसाठी.