अफू, भांग आणि क्लोरोफॉर्म एकाच बाटलीत! लष्करी छावण्यांमधल्या 'रामबाण' औषधाची गोष्ट

'फक्त २१ दिवसांत शुगर मुळापासून गायब', 'डॉक्टरांनी हात टेकले, पण या काढ्याने पेशंट उठून बसला', 'कंपन्या हा उपाय तुमच्यापासून लपवतात'... असे मेसेज फॅमिली ग्रुपवर रोज येतात. ही मोबाईलच्या जमान्यातली भानगड आहे असं आपल्याला वाटतं, पण हा धंदा चांगला दोनशे वर्षं जुना आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळात तो साता समुद्रांपार पसरला. त्यातलं एक गाजलेलं औषध तर भारतातल्या ब्रिटिश फौजेतल्या एका डॉक्टरने तयार केलं होतं.

त्या औषधाचं नाव क्लोरोडाइन. ते इतकं का खपलं, हे समजून घ्यायचं तर आधी छावणीतलं आयुष्य पाहायला हवं.

कामठीची छावणी आणि पटकीची दहशत

नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी कामठी आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये इथे लष्करी छावणी वसवली. 'कॅम्प-टी'चं कामठी झालं असंही सांगतात. नागपूर भोसल्यांचं असलं तरी त्यावर नजर ठेवणारी फौज इथे असायची आणि ती बराच काळ मद्रास आर्मीची होती. छावणीमागोमाग बाजार आला, कारागीर आले, व्यापारी आले. १८८१ च्या जनगणनेत कामठीची लोकसंख्या ५० हजारांच्या वर गेली होती.

अशा छावणीतल्या गोऱ्या शिपायाला सगळ्यात जास्त भीती शत्रूच्या गोळीची नव्हती. भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार इथे दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला सरासरी ६९ जण मरत होते आणि त्यातले बहुतेक ताप, हगवण, यकृताचे विकार आणि पटकी यांनी जात होते.

पटकी म्हणजे कॉलरा. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी दगावायचा. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, उलट्या, पायात पेटके, खोल गेलेले डोळे आणि मग सगळं थंड. साथ आली की पलटण बराकी सोडून तंबूत जायची, पुन्हा कुणी आजारी पडलं की तंबू हलवायची. जंतूचा पत्ता नव्हता. रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ मध्ये. तोवर डॉक्टरांकडेही खात्रीचं काही नव्हतं. अशा वेळी कुणी 'हे घे, थांबेल' म्हणत छोटी बाटली पुढे केली, तर कोण नाही म्हणणार?

बाटलीत होतं काय?

जॉन कॉलिस ब्राउन हा ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. १८४८ च्या सुमारास भारतात असताना त्याने पटकीच्या रोग्यांसाठी एक मिश्रण बनवलं. त्यात तीन मुख्य गोष्टी होत्या : दारूत विरघळवलेली अफू, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. १८५६ मध्ये त्याने फौज सोडली आणि लंडनचे औषधविक्रेते डेव्हनपोर्ट यांच्यामार्फत हे औषध बाजारात आणलं.

ते सपाटून खपलं. खोकला, दमा, पोटशूळ, निद्रानाश, अतिसार, पटकी अशा सगळ्यांवर एकच बाटली. बघता बघता नकला आल्या. १८६४ मध्ये फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी कोर्टात जुंपली. क्लोरोडाइनचा जनक ब्राउनच, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि ते वाक्य पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत छापलं गेलं. त्याच वर्षी फिलिपाइन्समधल्या मनिला इथल्या ब्रिटिश वकिलाने पटकीवर क्लोरोडाइन सगळ्यात गुणकारी ठरल्याचं सरकारला कळवलं होतं. परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांच्या नावासकट तेही जाहिरातीत आलं. कोर्टही झालं, सरकारही झालं. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं?

मग ते लागू पडायचं का?

खरी मेख इथेच आहे. क्लोरोडाइन घेतल्यावर माणसाला बरं *वाटायचं*, आणि ते खोटं नव्हतं. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब कमी होतात. कळा थांबतात, झोप लागते. साध्या हगवणीत माणूस एरवीही दोन-तीन दिवसांत बरा होतोच. श्रेय मात्र बाटलीला जायचं.

पटकीचं गणित वेगळं आहे. पटकीत रोगी मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जोराच्या पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. अफूने आतड्यांची हालचाल मंदावली तरी आतड्यांत पाणी पाझरायचं थांबत नाही. बाहेर दिसत नाही एवढंच. रोगी शांत पडतो, घरच्यांना वाटतं उतार पडला आणि आत शरीर कोरडं होत जातं.

तरीही 'मी क्लोरोडाइनमुळे वाचलो' अशी पत्रं कमी नव्हती. उपचार न होताही पटकीचे बरेच रोगी वाचतात. त्यातल्या ज्यांनी बाटली घेतली होती त्यांनी पत्रं लिहिली. ज्यांनी बाटली घेतली आणि जे गेले, त्यांची पत्रं आली नाहीत. मेलेला माणूस प्रशस्तिपत्र लिहीत नाही.

शिवाय अफूची सवय लागायची ती वेगळीच. क्लोरोडाइनच्या व्यसनाच्या आणि जादा डोसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदी ब्रिटनमध्ये होऊ लागल्या. पुढच्या काळात त्यातली भांग काढली गेली आणि अफूचं प्रमाण घटवलं गेलं.

'पेटंट' औषध, पण पेटंटच नाही!

या औषधांना पेटंट मेडिसिन म्हणत, पण बहुतेकांचं पेटंट कधी घेतलेलंच नव्हतं. कारण सोपं आहे. पेटंट घ्यायचं तर त्यात काय आहे ते जाहीर करावं लागतं, आणि इथे तर गुपित हाच माल होता. जपायचं ते फक्त नाव, बाटलीचा आकार आणि लेबल.

ब्रिटनमध्ये अशा औषधांवर १७८३ पासून कर होता. कर भरल्याचा सरकारी स्टॅम्प प्रत्येक डबीवर लागायचा. तो फक्त कराचा होता, औषध तपासल्याचा नव्हे. पण गिऱ्हाईक समजायचं की सरकारने मान्यता दिली आहे, आणि विक्रेतेही त्याचा गैरसमज कशाला दूर करतील?

यातला पैसा अफाट होता. थॉमस हॉलोवे हा गोळ्या आणि मलम विकणारा माणूस. त्याच्या जाहिराती भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही येत. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा जाहिरातींवरचा खर्च वर्षाला सुमारे ५० हजार पौंडांवर गेला होता. त्याच्या पैशातून लंडनजवळ उभ्या राहिलेल्या महिला महाविद्यालयाचं उद्घाटन १८८६ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने केलं.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये अशा औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तकच काढलं. बीचमच्या प्रसिद्ध गोळ्यांत निघालं काय? कोरफडीचा सुकवलेला रस म्हणजे एळिया, सुंठ आणि साबण. सव्वा शिलिंगाच्या आतबाहेर विकल्या जाणाऱ्या डबीतला माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे किमतीच्या शंभराव्या हिश्शाचाही नाही. या पुस्तकाची जाहिरात छापायला अनेक वर्तमानपत्रांनी नकार दिला, कारण त्यांचं पोट औषधांच्या जाहिरातींवर चालत होतं. पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी करून कडक अहवाल दिला. तो प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं आणि अहवाल फडताळात गेला.

आपल्याकडेही तेच

लहान मुलांना गप्प करायला अमेरिकेत मॉर्फिन घातलेलं 'मिसेस विन्स्लो' नावाचं सरबत खपायचं. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत. बाळ दिवसभर झोपून राहायचं. त्यात त्या बायांचा दोष कमी होता, मूल ठेवायला जागाच नव्हती. पण झोपलेलं बाळ म्हणजे निरोगी बाळ नव्हे, हे बाळागोळी आणि क्लोरोडाइन दोघांचंही सारखंच गुपित होतं.

तोवर मराठी वर्तमानपत्रांतही शक्तीच्या गोळ्या आणि सर्व रोगांवरच्या थेंबांच्या जाहिराती रुळल्या होत्या. त्यातली सगळी औषधं बनावट होती असं नाही. अडचण अशी की चांगलं कोणतं आणि भोंदू कोणतं हे ओळखायला ग्राहकाकडे साधनच नव्हतं. सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी करणारी समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९४० चा औषध कायदा आला. बाटलीत काय आहे हे लेबलवर लिहिण्याचं बंधन त्यातून आलं. आज आपण पट्टीमागचं जे बारीक अक्षर वाचायचा कंटाळा करतो, त्यासाठी इतकी वर्षं जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये 'औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती)' कायदा झाला. मधुमेह, कॅन्सर, मोतीबिंदू, अर्धांगवायू, लठ्ठपणा, इतकंच काय उंची वाढवणं, अशा ५४ गोष्टींवर औषध असल्याची जाहिरात या कायद्याने बंद केली. ताईत, मंत्र, कवच यांनी रोग बरा होतो अशी जाहिरातही यात येते. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ च्या हमदर्द दवाखाना खटल्यात न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, पण अशा जाहिरातबाजीला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण मिळत नाही हे स्पष्ट केलं.

जुन्या युक्त्या, नवी स्क्रीन

तेव्हाची जाहिरात आणि आजचा फॉरवर्ड शेजारी ठेवा :

• एक औषध, शंभर रोग. खोकला, दमा आणि पटकी यांची कारणं वेगळी आहेत. सगळ्यांवर एकच औषध 'मुळापासून' चालत असेल, तर बहुधा ते फक्त लक्षण दाबतं.

• घटक गुप्त. 'पिढ्यान् पिढ्या जपलेला फॉर्म्युला' हे कौतुक नाही, धोक्याची घंटा आहे. आजही साध्या 'जडीबुटी'च्या पुडीत स्टेरॉइड निघाल्याची प्रकरणं होतात. तेव्हा अफूने बरं वाटायचं, आता स्टेरॉइडने वाटतं.

• मोठ्या माणसाचं नाव. तेव्हा अर्ल रसेल होते, आज पांढरा कोट घातलेला व्हिडिओ असतो.

• अनुभवांचा पाऊस. 'माझ्या काकांना गुण आला' हे खरंही असेल. प्रश्न विचारा, की किती जणांनी घेतलं आणि त्यातल्या किती जणांना गुण आला नाही?

• सरकारी शिक्का. नोंदणी क्रमांक, कराची पावती किंवा परवाना म्हणजे 'हा रोग बरा होतो' याचा पुरावा नव्हे.

अशी जाहिरात दिसली तर पुढे पाठवण्याऐवजी स्क्रीनशॉट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आणि पटकीवरचा खरा उपाय?

तो क्लोरोडाइनच्या आधीच दिसला होता. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने १८३१-३२ मध्ये पटकीच्या रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार कमी झाल्याचं दाखवलं. ते वाचून १८३२ मध्ये थॉमस लाटा याने स्कॉटलंडमध्ये रोग्यांच्या शिरेतून मिठाचं पाणी दिलं. मरणाच्या दारातले काही जण उठून बसले. पण पद्धत कच्ची होती, ती मागे पडली.

गंमत बघा. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि १८३९ मध्ये त्याने भांगेचे औषधी प्रयोग प्रसिद्ध केले. त्यामुळे भांग पाश्चात्य औषधांत शिरली आणि तिथून क्लोरोडाइनच्या बाटलीत. जगाने त्याची भांग उचलली, मिठाचं पाणी मात्र बराच काळ विसरलं.

मीठ-साखरेचं पाणी नुसतं तोंडाने पाजण्याची ताकद मोठ्या प्रमाणावर दिसली ती १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावलं. पटकीतही आतडं साखरेबरोबर मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे तोवर विज्ञानाला कळलं होतं. त्या छावणीतलं मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. यालाच आपण आज ओआरएस म्हणतो.

ओआरएसच्या पाकिटामागे त्यातला प्रत्येक घटक ग्रॅममध्ये छापलेला असतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजायला सुरुवात करा आणि रोग्याला दवाखान्यात न्या. त्यात गुपित काहीच नाही, म्हणून कदाचित ते कुणी 'रामबाण' म्हणून फॉरवर्ड करत नाही. पण करायचंच असेल, तर हे करा.