परीक्षा कोण देतं, कोण घेतं?

‘माझी मदत करा’ हे वाक्य मराठी माणसाला कळतं, पण खटकतं. शब्द सगळे मराठी, अर्थही स्पष्ट. तरी हिंदीचा वास येतो, कारण मराठीत मदत एखाद्याची नव्हे, एखाद्याला करायची असते. तसंच आपण हाक मारतो आणि शिट्टी वाजवतो. ‘हाक वाजवली’ असं तीन वर्षांचं पोरही म्हणणार नाही. कोणत्या नामाचा संसार कोणत्या क्रियापदाशी, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि त्याचं कारणही सांगता येत नाही. इंग्रजीतही असंच असतं. पण इंग्रजी शिकताना आपण हे विसरतो आणि वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ लिहीत बसतो. ‘मिस्टेक म्हणजे चूक’ पाठ होतं, ‘डू’ म्हणजे करणे हे आधीच माहीत असतं, आणि मग ‘डू अ मिस्टेक’ तयार होतं. दोन्ही शब्द बरोबर, जोडी चुकीची. इंग्रजीत चूक ‘मेक’ करतात. माझं म्हणणं एवढंच की इंग्रजीत शिकायचा घटक शब्द नसून जोडी आहे.

याचा सगळ्यात गमतीचा पुरावा परीक्षेत सापडतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत बरोबर उलट: विद्यार्थी ‘टेक’ करतो, शिक्षक ‘गिव्ह’ करतो. त्यामुळे ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ असं अमेरिकन माणसाला सांगणारा विद्यार्थी नकळत मास्तर होऊन बसतो. (ब्रिटिश लोक परीक्षा ‘सिट’ही करतात. आपणही परीक्षेला बसतोच. तेवढ्यापुरत्या दोन्ही भाषा एका बाकावर येतात.) आपण लक्ष देतो, तर इंग्रज ते ‘पे’ करतो, जणू दुकानात पैसे मोजतोय. हे विचित्र वाटत असेल तर आपल्या ‘मारणे’कडे पाहावं. गप्पा, उडी, मिठी, चक्कर, थाप हे सगळं आपण मारतो, आणि त्यात मारहाण कुठेच नसते. अशा ठिकाणी क्रियापद जवळजवळ पोकळ होतं आणि अर्थाचा भार नाम उचलतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी संगणकात साठवलेल्या खऱ्याखुऱ्या इंग्रजी मजकुरावरून १९८७ साली ‘कोबिल्ड’ शब्दकोश सिद्ध केला. ‘टेक’, ‘मेक’, ‘हॅव’ यांसारखे अतिपरिचित शब्द स्वतःचा अर्थ सोडून सोबतच्या शब्दात विरघळतात, ही गोष्ट त्यांनी ठासून मांडली.

अशा जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात, आणि त्यांचा शिक्षणासाठी अभ्यास इंग्लंडच्या बाहेर, टोकियोत बहरला हे लक्षात घेण्याजोगं आहे. तिथे हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली इंग्रजी शब्दजोड्यांचा मोठा अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांचा परभाषिकांसाठीचा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोतच छापला गेला. आज आपल्याकडे अभ्यासिकांतून दिसणारा ऑक्सफर्डचा जाडजूड ‘लर्नर्स’ कोश त्याचाच वंशज. घरच्या माणसाला जे दिसत नाही ते परक्याला शिकवताना दिसतं.

आता आक्षेप. अशा जोड्या हजारो आहेत, त्या पाठ कशा करायच्या? हजारो आहेत हे खरं. पण पोकळ होणारी क्रियापदं मूठभरच आहेत, आणि नाम तर आपण तसंही पाठ करतोच. ते एकटं न लिहिता जोडीदारासकट लिहिलं की झालं. कोशातही ‘मेक’ शोधत पानं उलटण्यापेक्षा ‘डिसिजन’ उघडावं. तिथल्या उदाहरणांत त्याचं क्रियापद उभंच असतं. दुसरा सल्ला नेहमी ऐकू येतो: मराठीतून विचारच करू नका. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या, त्या काय वाया गेल्या? मला हा सल्ला पटत नाही. शब्दाला शब्द लावणं घातक. जोडीला जोडी लावणं उलट फायद्याचं. प्रश्न आपण विचारतो आणि इंग्रजही विचारतो, तिथे घोकण्यासारखं काही नाही. मेहनत लागते ती जिथे वाटा फुटतात तिथे, आणि त्या जागा मराठी शेजारी ठेवल्याशिवाय दिसणारच नाहीत. झगमगीत वाक्प्रचारांचं वेड मात्र कमी करावं. निबंधात पावसाबरोबर मांजरं-कुत्री पाडणाऱ्याला ‘टेक प्लेस’ आणि ‘मेक सेन्स’ यांची गरज कितीतरी जास्त असते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे: इंग्रजी आता आपलीही भाषा आहे, मग लंडनच्या कानाला काय रुचतं याची पर्वा कशाला? यात तथ्य आहे. आपलं ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसलं आहे. ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिशांनाही चालतं, ते खोडणाऱ्या मास्तरांनी लाल शाई वाचवावी. पण सगळे फरक सारखे नसतात. ‘डू अ मिस्टेक’ जगात कुणालाही कळेल, फार तर ऐकणाऱ्याची भुवई किंचित वर जाईल. ‘गिव्ह ॲन एक्झाम’ मात्र मुंबईतल्या कचेरीत एक अर्थ सांगतं आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जात नेमका उलटा. दुरुस्तीला सुरुवात करायची तर तिथून.