लोकगीताचा नवा ठेका

रायपूरच्या भोवतालचा भातशेतीचा प्रदेश लोकगीतांनी समृद्ध आहे. शेतात काम करताना स्त्री-पुरुषांनी एकमेकांना उत्तर देत गावयाची गीते म्हणजे दादरिया. १९२३ साली रायपुरात जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात शिकलेले नाटककार हबीब तन्वीर यांनी हे धन नागर रंगभूमीवर आणले. ‘नाचा’ या लोकनाट्याचे कलावंत त्यांनी आपल्या ‘नया थिएटर’मध्ये घेतले आणि त्यांना त्यांच्याच छत्तीसगडी बोलीत बोलू दिले. त्यांचे ‘चरणदास चोर’ हे १९७५ चे नाटक १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात गौरविले गेले.

पुढे ही गीते चित्रपटात गेली, तेव्हा मिश्रणाचे दोन मार्ग दिसून आले. २००९ च्या ‘दिल्ली-६’ मध्ये ‘ससुराल गेंदा फूल’ या गीताला ए. आर. रहमान यांनी आधुनिक पाश्चात्त्य ठेका दिला. सासुरवासाची तक्रार आणि सासरचे कौतुक एकत्र सांगणारे हे गाणे मराठी स्त्रीच्या ओवीला जवळचे वाटावे असे आहे. छत्तीसगडात ते आधीपासून परिचित होते. देशाला मात्र ते चित्रपटाचे म्हणूनच कळले. २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’ मध्ये नगीन तन्वीर यांनी छत्तीसगडी गीत त्याच्या मूळ वळणाने गायिले. ‘इंडियन ओशन’ या रॉक-वृंदाचे गाणे त्याच ध्वनिमुद्रिकेवर स्वतंत्रपणे आले.

यांपैकी एकच मार्ग योग्य, असे म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० नंतर उदयास आलेले हिप-हॉप संगीतच मुळी उसनवारीवर उभे राहिले. जुन्या तबकडीवरील तालवाद्याचा तुकडा पुनःपुन्हा वाजवावयाचा आणि त्यावर लयबद्ध शब्द बोलावयाचे, ही त्याची रीत. परंतु १९९१ मध्ये अमेरिकन न्यायालयाने विनापरवानगी उचललेला तुकडा हे हक्काचे उल्लंघन ठरविले. तबकडीला मालक असतो, म्हणून तो दाद मागू शकला. लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो, आणि भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लोकगीतासाठी स्वतंत्र तरतूद नाही.

म्हणून येथे जबाबदारी घेणाऱ्यावर येते. ठेका बदलावा, वाद्ये बदलावीत. मात्र गीत कोणत्या प्रदेशाचे, कोणत्या बोलीतील आणि कोणाच्या कंठातून आले, एवढे तरी सांगितले जावे. त्यायोगे नव्या गाण्याची गोडी कमी होत नाही आणि श्रोत्याला मूळ गाण्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी राहते.